कमानीखालची रिकामी जागा

अहमदाबाद, २ मे १९९७

ती. अरुणाआत्या,

साष्टांग नमस्कार. इथे बेचाळीस डिग्री आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला असं समज.

काम आहे म्हणूनच लिहितोय, हे तू ओळखलं असशीलच. तुमच्या बँकेची बेलापूरची इमारत मी काढली हे तुला माहीत आहे. नकाशावर सही सरांची, पण डोकं माझं. नोकरीला लागल्यावर माझी म्हणावी अशी ही पहिली इमारत. एसीशिवाय गार राहणारं ऑफिस! खाडीवरचा वारा खालच्या तोंडातून आत येणार, टेबलांमधून फिरणार, तापला की मधल्या उंच मनोऱ्यातून वर निघून जाणार. नोव्हेंबरात तुम्ही तिथे गेलात आणि मार्चपर्यंत विजेचं बिल जुन्या ऑफिसच्या निम्मं आलं. मी इथे पेढे वाटले होते.

आणि आता तुमच्या बँकेचं पत्र आलंय. कर्मचारी उकाड्याने हैराण आहेत, सबब मनोऱ्यावर स्लॅब टाकून सगळीकडे एसी बसवायचा विचार आहे. तीस मेला इमारत समिती येऊन निर्णय घेणार. आत्या, मनोरा बंद केला तर त्या इमारतीत माझं काही उरणार नाही. तो नुसता सिमेंटचा डबा होईल. सर म्हणाले, रडू नको, आकडे आण.

मला भुजच्या साइटमुळे सुट्टी नाही. तू तिथे अधीक्षक आहेस, तूच माझा आधार. सोबत साठ फॉर्म आहेत. 'थंडी वाजते' पासून 'अगदी छान' वरून 'असह्य उकडतं' पर्यंत सात खाने. प्रत्येकाने आपल्याला वाटेल तिथे खूण करायची. आणि एक यंत्र पाठवतोय, हवेतला ओलावा मोजायचं. दांडी धरून गरगर फिरवायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. फोन करू नकोस, तुझ्या शेजाऱ्यांच्या फोनवर सगळी सोसायटी कान लावून असते.

तुझा,
ऋषी

*

नेरूळ, ८ मे १९९७

चि. ऋषी,

अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. काम असलं की आत्या आठवते!

फॉर्मचं टेन्शन घेऊ नकोस, सगळे भरून झाले. मी स्वतः प्रत्येकाच्या टेबलाशी गेले. म्हटलं, माझ्या भावाचा मुलगा आहे, गुणी आहे, पोराचं नाव खराब करू नका. एकानेही आढेवेढे घेतले नाहीत. सगळ्यांनी 'अगदी छान' वर खूण केली. जे रजेवर होते त्यांचे फॉर्म आमच्या बंडू शिपायाने भरले. फेब्रुवारीत रिटायर झालेल्या सबनीसांचाही भरलाय. तेही मजेत आहेत.

आता तू विचारशील, मग उकडतं का? उकडतं रे बाबा, खोटं कशाला बोलू! एप्रिल संपता संपता जे सुरू झालंय ते विचारू नकोस. सगळ्यांनी घरून टेबलफॅन आणलेत. आमचे मॅनेजर बीडकरसाहेब, त्यांनी तर केबिनमध्ये कूलर आणलाय आणि तो गळतो. पण मे महिना आहे, चालायचंच.

तुझा तो खुळखुळा फिरवला. पहिल्या दिवशी बीडकरसाहेब कपाटामागे गेले. नवीन लागलेली ईश्वरी हात जोडून उभी राहिली, तिला वाटलं आरतीतलाच काहीतरी प्रकार आहे. कारण सांगायचं राहिलंच, हनुमान जयंतीला आम्ही ऑफिसात मारुती बसवला! इच्छा साहेबांची, त्यांची प्रमोशनची मुलाखत आहे ना. पण आरती मंडळाची चिटणीस मी, त्यामुळे जागा माझ्या पसंतीची. फोटो धुऊन आला की पाठवते.

आणि चमत्कार ऐक. खाडीवर सुकट वाळत घालतात, तिचा वास सकाळपासून ऑफिसात भरायचा. मला काय, मला भूक लागायची. पण बीडकरसाहेब पडले शुद्ध शाकाहारी, रुमाल नाकाला लावूनच सह्या करायचे. मारुती बसला आणि वास बंद! साहेब म्हणतात, साक्षात्कार.

एक मात्र बरं झालं नाही. दिवाळे गावचे नामदेवशेट, आमचे मोठे ठेवीदार, घरी एसी असून रोज दुपारी आमच्या हॉलमधल्या बाकावर झोपायला यायचे. म्हणायचे, असा वारा माझ्या बंगल्यात नाही. गेले पंधरा दिवस ते फिरकलेच नाहीत. कुणी काही बोललं की काय, देव जाणे.

आत्या

*

भुज, १२ मे १९९७

ती. आत्या,

नमस्कार. यावेळी डोकं धरून.

साठच्या साठ 'अगदी छान'! सरांनी विचारलं, हे ऑफिस आहे की स्वर्ग? अगं, तू माझं लग्न जमवत नव्हतीस. लोकांना खरंच कसं वाटतं ते हवं होतं. आणि वर साठ टेबलफॅन! म्हणजे बिल पुन्हा वर जाणार आणि समिती म्हणणार, बघा, वीजही वाचत नाही.

मी तीन रात्री विचार करतोय. वाऱ्याची दिशा बदलली नाही, ते मी वेधशाळेकडून विचारून घेतलं. मला वाटतं मनोऱ्याच्या तोंडाशी कबुतरांनी घरटी केली असावीत. बंडूला वर चढवून बघ. आणि नवे फॉर्म पाठवतोय. यावर नाव लिहायचं नाही, माझं नाव घ्यायचं नाही, तू कुणाच्या टेबलाशी जायचं नाही.

मारुतीचं वाचून आनंद झाला. असो, मुद्दा कबुतरांचा आहे.

ऋषी

*

नेरूळ, १६ मे १९९७

चि. ऋषी,

आशीर्वाद. कबुतरं नाहीत. बंडू गुडघे खरचटून खाली आला आणि त्याने एक दिवसाची रजा टाकली. वर मनोरा लख्ख मोकळा आहे म्हणतो. पण मी खाली उभी राहून उदबत्ती धरली तर धूर वर जाईचना, माझ्याच तोंडाभोवती घुटमळत राहिला.

नवे फॉर्म झाले. मी कुणाच्या टेबलाशी गेले नाही, तुझी शपथ. पेटी ठेवली आणि लांब बसले. पण तेवढ्यात कोणीतरी उठवलं की ज्या खात्यात जास्त उकडतं तिथे एसी आधी लागणार. झालं! सगळ्यांचं 'असह्य'. कर्जविभाग आणि ठेवविभागात चुरस लागली. एकाने सातवा खाना भरून पुढे हाताने आठवा काढलाय आणि त्यावरही खूण केलीय. रजेवर महाबळेश्वरला गेलेल्या बाईंनाही असह्य उकडतंय.

माझं ऐक, आमच्या लोकांना कागद दाखवलास की ते खरं बोलणार नाहीत. त्यांना वाटतं कागद म्हणजे बदली नाहीतर बढती.

मला मात्र मारुतीची काळजी लागलीय. त्याचा शेंदूर ओघळायला लागलाय. बीडकरसाहेब म्हणतात, देव कोपला, आता माझं प्रमोशन गेलं. मला विचारशील तर देवालाही उकडतंय. फोटो सोबत आहे. बघ किती गोड दिसतो! आणि तुझंही कौतुक वाटलं हो. दाराशेजारी एवढी सुरेख कमान, आत माणूसभर रिकामी जागा. म्हटलं, पोराने देवाची आठवण ठेवली. मागे अंधारा बोगदा दिसत होता तो तेवढा बरा वाटेना, म्हणून आम्ही वर्गणी काढून पांढऱ्या टाइल्स लावून घेतल्या.

आत्या

*

अहमदाबाद, २० मे १९९७
(कुरिअरने)

आत्या!!

फोटो बघून मी खुर्चीवरून उठलो आणि अजून बसलेलो नाही.

ती देवळी नाही. ते इमारतीचं नाक आहे! पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, खालच्या तोंडातून वारा आत येतो? हेच ते तोंड. तो अंधारा बोगदा थेट खाडीच्या बाजूच्या भिंतीत उघडतो. तुम्ही त्याला टाइल्स लावल्यात! तुमच्या इमारतीचं नाक दाबून वर देव ठेवलात आणि मी इथे कबुतरं शोधतोय.

मारुती उद्याच्या उद्या उचल. टाइल्स फोड. दहाच दिवस राहिलेत.

ऋषी

*

नेरूळ, २२ मे १९९७

ऋषी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी घे.

उचल म्हणे! मारुती म्हणजे काय स्टुलावरची फाइल आहे? आणि कमान काढायला तुला कुणी सांगितली होती? वारा येण्याचं भोक असेल तर भोकासारखं काढावं, चौकोनी, जाळी लावून, कुरूप. कमानीखाली रिकामी जागा दिसली की आपला माणूस दोनच गोष्टी करतो. देव बसवतो, नाहीतर चपला ठेवतो. चपला ठेवल्या असत्या तर तुला चाललं असतं का? मोठा आला मला शिकवणारा. करायला गेलास गणपती आणि झाला मारुती!

बीडकरसाहेबांना सांगून बघितलं. ते पांढरेफटक पडले. मुलाखत तोंडावर असताना मी देव हलवला तर आयुष्यभर मॅनेजरच राहीन, म्हणाले. एसी येऊ दे, मनोरा जाऊ दे, मारुती हलणार नाही. शनिवारी आरती आहे, तेवढीच एक संधी. वचन देत नाही.

जेव वेळेवर.

आत्या

*

अहमदाबाद, २७ मे १९९७

ती. आत्या,

रागावू नकोस. चुकलं माझं. खरंच, कमान मी फक्त छान दिसते म्हणून काढली होती.

शनिवारचं काय झालं? तुझं पत्र नाही. इकडे सरांनी आशा सोडली. मनोऱ्यावर टाकायच्या स्लॅबचा नकाशा त्यांनी मलाच काढायला सांगितलाय. काल दिवसभर तोच काढत बसलो. आपलंच पोर आणि आपणच त्याच्या नाकावर बोळा धरायचा, असं झालंय बघ. आजवर मी ऑफिसात कधी रडलो नव्हतो.

काही झालं असेल तर कळव. काही झालं नसेल तरी कळव.

ऋषी

*

नेरूळ, ३१ मे १९९७

चि. ऋषी,

भरभरून आशीर्वाद. हे पत्र मारुतीच्या शेपटासारखं लांबणार आहे, तेव्हा आधी चहा घे आणि मग वाच.

शनिवारी आरती झाली. प्रसाद मी मुद्दाम माझ्या हातात धरून ठेवला, कारण प्रसाद मिळाल्याशिवाय आमच्यातलं कुणी जागचं हलत नाही. मग विचारलं, "बीडकरसाहेब, मारुती कुणाचा मुलगा?"

"अंजनीचा."

"आणि वडील?"

"वडील... वायू. पवनसुत म्हणतात ना."

मी उदबत्ती कमानीसमोर धरली. धूर जागच्या जागी. म्हटलं, "साहेब, या कमानीतून वारा आत यायचा. त्याची वाट आपण टाइल्स लावून बुजवली आणि दारावर राखण करायला त्याच्याच मुलाला बसवलं. गेला महिनाभर आपण बापाला बाहेर कोंडून मुलाची आरती करतोय. शेंदूर ओघळणार नाही तर काय होईल?"

ईश्वरीने हळूच गालात मारून घेतलं. साहेबांच्या कपाळावरचा घाम नाकावर आला, तरी म्हणतात, "पण हलवायचा तर कुठे? देवाला स्थान नको?"

तर मागून आवाज, "सायेब, मारुती भिंतीन कोन कोंडतं? आमचे गावान तो वेशीव हाय, उघऱ्यावर. येनारा-जानारा त्याला बगतं, तो गावाला बगतं. तुमचे गेटाव बसवा. चौथऱ्याचा फत्तर माजा." नामदेवशेट! खास प्रसादाला आले होते. मी त्यांना निरोप धाडला होता हे साहेबांना सांगू नकोस.

रविवारी गुरुजींना बोलावलं. त्यांनी मूर्ती पाहिली आणि म्हणाले, चल आहे, कायमची प्रतिष्ठा केलेली नाही, खुशाल हलवा. सोमवारी वाजतगाजत मारुती गेटवर गेला. छान दिसतो रे तिथे. रिक्षावाले आत्ताच हॉर्न वाजवायच्या आधी नमस्कार करायला लागलेत.

मग बंडूने हातोडा घेतला. पहिली टाइल पडली आणि काय आलं असेल? वास! सुकटीचा! खमंग! मी डोळे मिटून उभी राहिले. साहेबांचा हात सवयीने रुमालाकडे गेला. दुसरी टाइल पडली, तिसरी पडली, आणि मग वाराच आला बघ. व्हाउचरं उडाली, कॅलेंडरं फडफडली, ईश्वरीची ओढणी कर्जविभागाच्या पंख्यात अडकता अडकता वाचली. साहेबांच्या टेबलावरचा प्रमोशनचा अर्ज उठला, गरगर फिरला आणि मनोऱ्यातून वर निघून गेला. साहेब तोंड उघडं टाकून बघत राहिले. मी म्हटलं, "साहेब, आता थेट वरपर्यंत पोचला." नवा लिहावा लागला.

बुधवारपर्यंत निम्मे टेबलफॅन घरी गेले. कुणी सांगितलं नाही, आपणहून नेले. नामदेवशेट बाकावर परत आडवे झाले, तोंडावर उपरणं घेऊन. मी काही फॉर्मबिर्म काढला नाही. म्हटलं, हाच माझा फॉर्म.

आता कालचं ऐक. समिती आली. अध्यक्ष, तीन संचालक आणि एसीवाला कंत्राटदार, काखेत कॅटलॉगचा गठ्ठा. अध्यक्ष आल्या आल्या म्हणाले, आधी जेवू. माशाचं जेवण झालं, अर्थात साहेबांसाठी वेगळं. मग अध्यक्ष हॉलमध्ये आले आणि "दोन मिनिटं टेकतो" म्हणून बाकावर बसले. नामदेवशेटनी झोपेतच "सरका जरा" म्हणून त्यांना कोपराने ढकललं. आणि अध्यक्ष सरकले रे. टाय सैल केला. थोड्या वेळाने बघते तर मान कलली, तोंड उघडं, आणि घोरणं सुरू. बीडकरसाहेब बूट काढून, चवड्यांवर चालत सगळ्यांना गप्प करत होते. संचालक एकमेकांकडे बघून खुर्च्यांत पसरले. एसीवाला तासभर कॅटलॉग मांडीवर धरून ताठ बसला होता. मग कॅटलॉग खाली पडलं आणि त्याने ते उचललं नाही.

साडेचारला अध्यक्षांना जाग आली. मी तुझा फॉर्म पुढे केला. त्यांनी सातही खाने निरखून बघितले, पेन मागितलं, सगळ्यांच्या खाली 'चहा आणा' असं लिहिलं आणि सही केली. मग डोळे चोळणाऱ्या एसीवाल्याला विचारलं, "काय हो, तुम्हाला उकडलं का?" तो बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "साहेब, अशी झोप लग्नानंतर पहिल्यांदा लागली."

मनोरा राहिला, ऋषी. एसी फक्त कॉम्प्युटरच्या खोलीला, पूर्वीसारखा. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. तुझे बाबा, माझा दादा, तुला नेहमी हसायचा, पोरगं वाऱ्यावर घरं बांधतं म्हणून. आज असता तर मी त्याला त्या बाकावर नेऊन बसवला असता.

तो स्लॅबचा नकाशा फाडून टाक.

आत्या

*

भुज, ८ जून १९९७

ती. आत्या,

हा नमस्कार खराखुरा, जमिनीला कपाळ लावून. साइटवरचे गवंडी बघत होते.

नकाशा फाडला. चार तुकडे केले आणि समाधान झालं नाही म्हणून आणखी केले. 'चहा आणा' हे कुठल्या खान्यात धरायचं असं सरांना विचारलं. ते म्हणाले, 'अगदी छान'च्याही वरचा एक खाना काढ. पुढच्या इमारतीचं काम ते मलाच देणार आहेत.

आत्या, बाबांचं वाचून मला पुढचं वाचवेना. पत्र खिशात घालून एक चक्कर मारून आलो.

मी वारा कुठून येईल याचा दोन वर्षं अभ्यास केला. माणसं हात कुठे जोडतील, याचा दोन मिनिटंसुद्धा विचार केला नाही. आता ठरवलंय, नकाशा काढायला घेतला की पहिल्यांदा देवाची जागा आखायची, मग जिना, मग बाकीचं. तुमच्यासाठी पण एक काढलीय, सोबत आहे. जिन्याखाली, तीन बाजूंनी पक्की भिंत, वर कमान. मागे काहीही नाही, खात्री करून घेतलीय. बसवा काय हवं ते. आणि जुन्या कमानीला जाळी लावा. कुरूप.

तुझा ऋषी

*

नेरूळ, १३ ऑक्टोबर १९९७

चि. ऋषी,

अनेक आशीर्वाद, आणि दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलंय, चुरगळलं असेल तर गोड मानून घे.

तुझी देवळी गणपतीच्या आधी पुरी झाली. फार सुबक झालीय, कोटा फरशी लावली, कमानीला पिवळी पट्टी दिली. पण मारुती गेटवरून हलायला तयार नाही, म्हणजे नामदेवशेट त्याला हलू देत नाहीत. त्यांनी वर पत्र्याची छत्री घातलीय आणि आता ते गेटवरच्या मारुतीला नमस्कार करून मग बाकावर झोपतात. तेव्हा नव्या देवळीत कोणता देव बसवावा यावर मंडळाच्या तीन सभा झाल्या. चौथ्या सभेच्या आदल्या दिवशी बीडकरसाहेबांनी, हो, झालं त्यांचं प्रमोशन, तिथे झेरॉक्स मशीन ठेवून टाकलं. काय सांगू, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही, मापात बसलंय. शेजारी प्लगही आहे.

तुला वाईट वाटेल म्हणून मी आधी कळवलं नाही. पण दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, ईश्वरीने पेढा ठेवला. म्हणजे तुझी देवळी काही वाया गेली नाही.

बिल पुन्हा निम्म्यावर आलंय.

फक्त एक काम आहे. ते मशीन तिथे फार तापतं रे. दहा कागद काढले की धापा टाकतं. मागच्या भिंतीला एखादं भोक पाडून थोडा वारा येईल असं काही जमेल का?

आत्या